डाव्या बाजूचा ब्रेक

घोडीच्या ट्रेलरमध्ये दत्तूला उभं राहायला मीच सांगितलं.

हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला समज व्हायला नको. मी जन्मभर मोटार ट्रेनिंग स्कूल चालवलं. आरटीओच्या आवारात चहावाल्यापासून साहेबापर्यंत सगळे मला मास्तर म्हणतात. चिंचवड-आकुर्डीकडच्या कितीतरी घरांत गाडीची किल्ली फिरली की माझी आठवण निघते. कशी निघते ते विचारू नका.

शिकवण्याच्या गाडीची एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. तिच्यात डाव्या सीटच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा घामाघूम होऊन स्टिअरिंगला लटकलेला असतो, त्याला वाटतं गाडी आपण चालवतोय. प्रत्यक्षात गाडी माझ्या उजव्या पायावर चाललेली असते. हिंजवडीचा एक आयटीवाला माझ्याकडं यायचा. मागून बसचा हॉर्न वाजला की हा डोळे मिटायचा. वाकडच्या चौकात असेच मिटले. मी ब्रेक दाबला, गाडी थांबवली आणि ओरडलो, “अरे, डोळे का मिटतोस?” तर म्हणतो, “सर, तुम्ही आहात ना!”

मलाही तसंच वाटायचं, की मी आहे ना. लोक म्हणत, “मास्तर, रोज नवशिक्यांच्या शेजारी बसता, भीती नाही वाटत?” मी मिशीवरून हात फिरवायचो. वास्तविक मी अत्यंत भित्रा माणूस. लिफ्टमध्ये चढलो तरी आधी अलार्मचं बटण शोधतो. पण पायाखाली ब्रेक असला की भित्र्या माणसालाही शूर दिसता येतं.

नाना माझा जुना विद्यार्थी. चाकणच्या पलीकडं त्याचं गाव. थोडी जमीन कंपनीत गेली, उरलेलीत कांदा. धाकटा भाऊ दत्तू कंपनीत शिफ्टला जातो. दोघांचा जीव मात्र बैलगाडा शर्यतीत. ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाड्याच्या पुढं एक घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि तिच्या मागं बैल सुटतात. नानाच्या घोडीचं नाव मैना. पूर्वी तिला बैलांबरोबर एकाच पिकअपमध्ये न्यायचे, मध्ये फळी टाकून. एकदा मैनेनं ती फळी लाथेनं मोडली आणि बैलाचा मागचा पुठ्ठा फोडला. तेव्हा नानानं ठरवलं, मैनेसाठी स्वतंत्र ट्रेलर करायचा, पिकअपच्या मागं जोडायला.

ट्रेलर केला भोसरीच्या रफिकभाईनं. त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. कंपन्यांसाठी जनरेटरच्या ट्रॉल्या बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी नानाबरोबर पाहायला गेलो, तेव्हा रफिकभाई ट्रेलरकडं असा बघत होता, जसा बाप परीक्षेला निघालेल्या पोराकडं बघतो.

“मास्तर, काम पक्कं आहे,” तो म्हणाला. “पण मी आजवर जनरेटर वाहायच्या ट्रॉल्या केल्या. जनरेटर एका जागी बसतो. घोडीचं मला काय माहीत?”

“घोडी उभी राहील,” मी म्हणालो.

“आधी नोंदणी करा, विमा काढा. मग जोडा.”

“शर्यत तोंडावर आलीय रफिकभाई,” नाना म्हणाला. “ते मागनं बघू.” आणि त्यानं ट्रेलरच्या मागच्या दारावर पिकअपचाच नंबर रंगवून घेतला. अक्षर सुरेख होतं.

मग नानानं मला मुख्य प्रश्न विचारला. “मास्तर, माझं लायसन हाय ते चालंल ना? का ह्याला दुसरं लागतंय?”

इथं थोडं कायद्याचं सांगतो. आपल्याकडं हलक्या वाहनाचा परवाना असतो, तो एकूण वजन साडेसात टनांच्या आतल्या गाडीला चालतो. पिकअप त्यात आरामात बसते. मागं ट्रेलर जोडला की वजन कसं मोजायचं, यावर आरटीओबाहेरच्या एजंटांत जितकी टाळकी तितकी मतं. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, विमा वेगळा, मागचे दिवे त्याचे त्याला हवेत, आणि त्यात माणूस बसवायचा नाही. दुसरी गोष्ट कायद्यात लिहिलेली नाही, ती अशी की आपली परीक्षा होते छोट्या गाडीवर. आठचा आकडा काढला, थोडं मागं घेतलं, की हातात कार्ड. त्याच कार्डावर माणूस उद्या मागं घोडी जोडून हायवेला लागू शकतो. जोडून कसं चालवायचं, हे त्याला कुणीच विचारलेलं नसतं. शिकवलेलंही नसतं, कारण शिकवणारे आमच्यासारखे.

हे सगळं तेव्हा नानाला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “पुढची गाडी येते ना तुला? मग मागची तिच्या मागं येते.”

नानाला हे फार आवडलं. त्यानं ते रफिकभाईला परत ऐकवलं. रफिकभाईनं हातातला ग्राइंडर चालू केला.

ट्रेलर घरी आला. अंगणात सगळं घर जमलं. मी म्हणालो, रिव्हर्स कसा घ्यायचा ते दाखवतो. आता ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं जातो, हे मला ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं आणि हाताला माहीत असणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढ्यात नानाची कांदा चाळ होती. मी डावीकडं फिरवलं, ट्रेलर उजवीकडं गेला, घाबरून मी आणखी फिरवलं, आणि चाळीची एक बाजू आडवी झाली. कांदे अंगणभर घरंगळले.

मी खाली उतरलो आणि म्हणालो, “हे असं करायचं नाही, ते दाखवलं.”

सगळे हसले. दत्तूची बायको मंगल हसली नाही. ती कांदे गोळा करत होती. वर न बघता तिनं विचारलं, “मास्तर, ह्ये मैनेबरूबर मागं उभं ऱ्हानार म्हनत्यात. चालतं का तसं?”

मैना नव्या ट्रेलरमध्ये बिथरत होती. दत्तू आत तिच्या मानेशी उभा राहिला की शांत व्हायची. म्हणून दोघा भावांचं ठरलं होतं, दत्तूनं आत राहायचं. मंगलनं प्रश्न मला विचारला, कारण मी कायद्याचा माणूस.

जनावरं ट्रकमधून नेताना सोबत देखभालीला माणूस हवा, असं काहीतरी मी कुठंतरी वाचलं होतं. ते मी तिथल्या तिथं ट्रेलरला चिकटवलं. “वहिनी, जनावरासोबत माणूस लागतोच. नियमच आहे. आणि तो काय बाहेर लोंबकळणार आहे का? चांगला बंद ट्रेलर आहे.”

“तुमी म्हनताय म्हनून,” मंगल म्हणाली. “न्हाईतर मी सोडत न्हवते.”

तिचं हे वाक्य मला त्यानंतर पुष्कळदा ऐकू आलंय. अंघोळ करताना, भाजी घेताना, कुठंही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी निघालो. बैल आधीच शेजाऱ्याच्या टेम्पोतून पुढं गेले होते. पिकअप रिकामी, हौद्यात फक्त मैनेचा चारा आणि एक विळा. मागं ट्रेलर, त्यात मैना आणि दत्तू. नाना चालवत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला, मास्तर म्हणून. नाशिक रस्त्याला लागलो. खेड मागं पडेपर्यंत गाडी सरळ चालली आणि मी मागची-पुढची गाडी यांवर नानाला एक छोटंसं व्याख्यानही दिलं.

पुढं बायपासचा उतार लागला. उतारावर गाडी आपसूक वेग घेते. शेजारून एक मोठा कंटेनर गेला, त्याच्या वाऱ्यानं आमची पिकअप किंचित ढकलली गेली. इतकंच. आरशात मला ट्रेलरचा एक कोपरा दिसला. मग तो दिसेनासा झाला आणि दुसऱ्या बाजूच्या, नानाच्या आरशात दिसला. मग परत माझ्या.

“नाना,” मी म्हणालो, “मागं काय चाललंय?”

“मास्तर, गाडी माझं ऐकंना.”

कंटेनरला बिचकून मैना दोन पावलं मागं सरकली होती. हे नंतर कळलं. ट्रेलरचं वजन मागं गेलं की त्याचं तोंड हलकं होतं, आणि हलक्या तोंडाचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आधी थोडा. मग प्रत्येक झोक्याला जास्त. पुढची गाडी रिकामी असली तर शेपटीच कुत्र्याला हलवते. आमच्या पिकअपचं पुढचं तोंड कधी दुभाजकाकडं, कधी बाजूच्या ट्रककडं वळत होतं. मागून हॉर्न वाजायला लागले. माझ्या कानात मात्र एकच आवाज होता, ट्रेलरच्या पत्र्यावर आतून काहीतरी आदळत होतं. एकदा या बाजूला, एकदा त्या. ते खूर होते की दत्तू, हे कळायला मार्ग नव्हता.

आणि मी ब्रेक दाबला.

म्हणजे उजवा पाय पूर्ण जोर लावून खाली दाबला. तिथं पिकअपची रबरी मॅट होती. मी परत दाबला. जन्मभराची सवय, माझा पाय शोधतोय, शोधतोय, आणि खाली काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा गाडीत संकटात सापडलो होतो जिच्या डाव्या बाजूला काहीही नव्हतं. ‘ब्रेक मार’ असं नानाला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी मॅट दाबत राहिलो.

नानाचं काय झालं म्हणाल, तर नाना पार हबकला. भीतीनं त्यानं दोन्ही पाय वर उचलून घेतले, विंचू दिसल्यावर घेतात तसे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे फाडून समोर बघत बसला. ना ब्रेक, ना ॲक्सिलरेटर.

गाडी गिअरमध्येच होती, त्यामुळं इंजिनच्या ओढीनं वेग आपोआप कमी होत गेला. झोके लहान झाले. आणखी लहान. उताराच्या शेवटी पिकअप दोन-चार गचके देऊन बंद पडली आणि कडेच्या खडीवर थांबली.

नंतर रफिकभाईनं मला हे समजावून सांगितलं. अशा वेळी ब्रेक दाबला असता तर मागचा ट्रेलर पुढं येऊन पिकअपला आडवी करून गेला असता. पाय काढून घेणं आणि स्टिअरिंग सरळ धरणं, एवढाच इलाज असतो. म्हणजे माझी वाचा बसली म्हणून आम्ही वाचलो. शिकवण्याच्या धंद्यातला माझा हा सर्वोत्तम धडा, आणि तो मी तोंड न उघडता दिला.

पण तेव्हा यातलं काही सुचत नव्हतं. गाडी थांबली आणि मागं शांतता झाली. ती शांतता त्या आदळआपटीपेक्षा वाईट होती.

नाना उतरून मागं धावला. “दत्तू! ए दत्तू!”

उत्तर नाही.

नानानं मागच्या दाराच्या कडीला हात घातला. ते दार खाली पडणारं, घोडीला चढायला उतार व्हावा तसं. मी त्याचा हात धरला. दाराच्या फटीतून मैनेच्या मांड्या दिसत होत्या, दाराला टेकलेल्या. कडी काढली असती तर दार, घोडी आणि घोडीबरोबर असेल तो दत्तू, सगळं हायवेवर येऊन पडलं असतं. आमच्या मागून ट्रक सुटत होते, एकामागून एक, आणि प्रत्येकाबरोबर ट्रेलर थरथरत होता.

“मंग काय करू?” नाना रडकुंडीला आला. “सांगा की मास्तर! काय करू?”

मला काहीही माहीत नव्हतं.

ट्रेलरच्या पुढच्या अंगाला चारा टाकायला रफिकभाईनं एक खिडकी ठेवली होती. नानाचे खांदे तिच्यातून जाईनात. मी काडीपैलवान. नानानं मला पायांना धरून उचललं आणि आत ढकललं, पत्रपेटीत पाकीट ढकलतात तसं. एका हातात विळा.

आत अंधार, शेणाचा आणि घामाचा वास. डोळे सरावले तेव्हा आधी मैनेचे दात दिसले. ती पुढच्या गुडघ्यांवर बसली होती आणि तिचं तोंड कासऱ्यानं कडीला ताणलेलं होतं. कोपऱ्यात, तिचा खांदा आणि पत्रा यांच्यामध्ये दत्तू. त्याचा डावा हात कासऱ्यात गुंडाळलेला, आणि घोडीचं सगळं वजन त्या कासऱ्यावर. हात कुठल्या रंगाचा झाला होता ते लिहीत नाही.

त्याचे डोळे उघडे होते.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “गाडी थांबली का?”

“थांबली रे.”

“मंग हलतंय कोन?”

“मैना कापतेय.”

“तसं न्हवं,” दत्तू म्हणाला. “माझं पाय हलत्यात.”

तो स्वतःच कापत होता आणि त्याला कळत नव्हतं. मी विळा कासऱ्याला लावला. पहिला घाव माझ्याच बाहीवर बसला. कासरा तोडला तर घोडी मागं कोसळेल का, पुढं उसळेल का, दत्तूला चेंगरेल का, काही कळत नव्हतं. नानाला विचारावं म्हणून मी मान वळवली, तर खिडकीत नाना डोळे मिटून उभा.

“कापा,” दत्तू म्हणाला. “हात जातोय माझा.”

मी कापला. कासरा तुटला तशी मैनेनं मान खाली टाकली. श्वास घेतला. मग एकदम धडपडत चारही पायांवर उभी राहिली. सगळा ट्रेलर कलला आणि मी मोठ्यानं किंचाळलो. म्हणजे आवाज आता आला. मी दत्तूला खिडकीकडं ढकललं, नानानं बाहेरून ओढलं. मनगट मोडलेलं होतं, बरगड्यांना मार होता, पण माणूस हातात होता. माझी सुटका सगळ्यात शेवटी. मैनेनं माझ्या पाठीवर नाक टेकवलं होतं आणि मी देवाचं नाव घेत उभा होतो.

मंगलला फोन मीच केला.

“वहिनी, मी मास्तर…”

पलीकडून तिनं फक्त एवढं विचारलं, “हायेत ना?”

“आहेत. हात…”

“हायेत ना?” तिनं परत विचारलं.

“आहेत वहिनी.”

फोन बंद झाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पोलीस आले. ट्रेलरची नोंदणी? नाही. विमा? नाही. आत माणूस कुणाच्या सांगण्यावरून? मी म्हणालो, माझ्या. पोलिसानं माझ्याकडं नीट बघितलं. “तुम्ही कोण?” मी सांगितलं, मोटार ट्रेनिंग स्कूल. त्यानं लिहिता लिहिता पेन थांबवलं, आणि मला वाटतं, हसू आवरायला त्याला जरा कष्ट पडले. दंड झाला, ट्रेलर जमा झाला. ते सगळं रीतसर होतं. माझी झोप गेली ती दुसऱ्याच विचारानं. तो हात तुटला असता, किंवा हातावरच थांबलं नसतं, तर त्या घराला विम्याची एक दमडी मिळाली नसती. मंगल अंगणात कांदे गोळा करता करता मला विचारत होती, तेव्हा खरं उत्तर एका शब्दाचं होतं.

आता ट्रेलर रीतसर झालाय. रफिकभाईनं घोडीचं ठाण, म्हणजे तिची उभी राहायची जागा, मध्ये घेतलं, घोडीला मागंपुढं सरकता येऊ नये म्हणून छातीशी आणि मागं आडवे दांडे लावले, ट्रेलरला स्वतःचा नंबर मिळाला. मीही म्हातारपणी जनरेटरची रिकामी ट्रॉली मागून घेतली आणि भोसरीच्या एका मोकळ्या पटांगणात रिव्हर्स शिकलो. पटांगणाला चारी बाजूंनी भिंत होती. आता तीन बाजूंनी आहे.

मध्यंतरी दत्तूला भेटायला गेलो. प्लास्टर निघालं होतं, मूठ अजून पुरती वळत नव्हती. स्टिअरिंग धरायला काही महिने लागणार. नानानं तर त्या दिवसानंतर पिकअपला मागं काही जोडायचं नाव टाकलं होतं. घोडी दावणीला उभी.

मंगल चहा घेऊन आली. कप ठेवला आणि म्हणाली, “मास्तर, आमी ठरवलंय. ट्रेलर आता मी चालवनार. ह्ये पुढं बसतील, माझ्या शेजारी. लायसन काढतीय मी.”

मला भरूनच आलं. काही तरी भरपाई करायची संधी मिळतेय असं वाटलं. मी खुर्चीत पुढं सरकलो. “वहिनी, उद्यापासून या. फी नको, काही नको. क्लचपासून ट्रेलरच्या रिव्हर्सपर्यंत सगळं मी स्वतः शिकवतो.”

मंगलनं दत्तूच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“तुमच्याकडं न्हाई, मास्तर,” ती म्हणाली. “मला खरंच शिकायचंय.”